इंजिन तापणे (मोटारगाडी)

इंजिन तापणे : इंजिनात निर्माण होणारी उष्णता शीतन यंत्रणेला बाहेर टाकता न आल्यामुळे त्याचे तापमान मर्यादेपलीकडे जाणे. गॅरेजात याला ‘गाडी हीट मारतेय’ असे म्हणतात.

इंधन जळताना सिलिंडरमधल्या वायूचे तापमान २,०००° से.च्या पुढे जाते आणि ज्या ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड (सिलिंडरवर बसणारा भाग) बनते ते ६६०° से.ला वितळते. तरीही हेड टिकते ते भोवती फिरणाऱ्या कुलंटमुळे, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल (उकळण्याचे तापमान वाढवणारे रसायन) यांच्या मिश्रणामुळे. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा कुलंट वाहून नेते. वॉटर पंप ते फिरवतो, थर्मोस्टॅट ही झडप ८०–९०° से.च्या सुमारास उघडून त्याला रेडिएटरची, म्हणजे वाऱ्याने कुलंट गार करणाऱ्या जाळीची, वाट देते, आणि रेडिएटरचे झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवते. या दाबामुळे निम्मे ग्लायकॉल असलेले कुलंट १२०° से.लाही उकळत नाही. झाकणाचे रबर सैल पडले की कुलंट लवकर उकळून बाहेर येते. म्हणून महागडे भाग बदलण्याआधी झाकण तपासावे.

ठाणे-नवी मुंबईत दोष शोधताना गाडी कोणत्या रस्त्यावर तापली, हे सर्वांत आधी विचारावे. घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या कोंडीत समोरून वारा मिळत नाही. रेडिएटर थंड ठेवण्याचे सगळे काम विजेच्या पंख्यावर येते. तापमानाचा काटा अशा कोंडीत चढत असेल आणि पाम बीच रोडवर वेग धरताच उतरत असेल, तर दोष बहुधा पंख्याकडे असतो : फ्यूज, रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), सेन्सर किंवा मोटर. कोंडीत गाडी ठीक, पण गायमुखचा घाट किंवा मुंब्रा बायपासचा चढ लागला की तापते, तर संशय कुलंटच्या प्रवाहावर घ्यावा. रेडिएटर आतून चोक झालेला (तुंबलेला) असतो, पंपाची पाती झिजलेली असतात, थर्मोस्टॅट पुरता उघडत नसतो किंवा कुलंटच कमी असते. तापल्याचे ठिकाण न विचारता एकेक भाग बदलत जाणारा मेकॅनिक ग्राहकाचा पैसा आणि वेळ दोन्ही घालवतो.

पंख्याची परीक्षा सोपी आहे. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. तो फिरला नाही तर मोटरला बॅटरीतून थेट वीज देऊन पाहतात. तेव्हा फिरला तर दोष रिले, फ्यूज किंवा वायरिंगमध्ये. रेडिएटरचा वरचा पाइप कडक गरम आणि खालचा गार असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला किंवा रेडिएटर चोक. ज्या गाड्यांत पंप आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) एकाच पट्ट्यावर चालतात, तिथे तापमानाचा व बॅटरीचा दिवा एकदम लागणे म्हणजे पट्टा तुटल्याची खूण.

या भागातल्या सीएनजी गाड्यांत आणखी एक जागा पाहावी लागते. किटच्या रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) ऊब देण्यासाठी कुलंटचे पाइप तिथवर नेलेले असतात आणि त्यांचे जोड गळतात. कुलंट कमी झाले की रेड्यूसर गोठतो आणि गाडी गॅसवर झटके देते. इंजिन तापण्याआधीच मिळणारी ही सूचना अनेकदा इंधनाचा दोष समजून सोडून दिली जाते.

बांधकामांची धूळ एसी कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली की त्या धुळीचा चिखल होतो. तो मागच्या बाजूने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावा. जोरदार फवाऱ्याने रेडिएटरच्या जाळीचे पत्रे दुमडतात आणि वारा कायमचा अडतो. आतला क्षार मात्र धुऊन जात नाही. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वारंवार भरल्याने तो साचतो. कुलंटमध्ये मिसळायला क्षारविरहित पाणीच वापरावे.

रस्त्यात काटा लाल पट्टीकडे गेला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर व गाडीच्या आतला पंखा जोरात ठेवावा (हीटर हा छोटा रेडिएटरच आहे) आणि सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावे. काटा चढून अचानक खाली पडला तर गाडी थंड झाली असे समजू नये : कुलंट संपून सेन्सर कोरडा पडला असण्याची शक्यता असते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडल्यास उकळते कुलंट थेट तोंडावर उडते. किमान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

वेळीच थांबले नाही तर हेड वाकते आणि गॅस्केट (हेडखालचा सील) जाते. मग बाहेर गळती न दिसता कुलंट घटते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात, ऑइल दुधाळ होते. मात्र पावसाळ्यात फक्त स्टेशनपर्यंत जाणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडी दुधाळ साय आर्द्रतेमुळेही धरते. तेवढ्यावरून हेड उतरवू नये. पेट्रोल गाडीत रेडिएटरच्या तोंडाशी निळे रसायन धरून तपासणी करतात. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड कुलंटमध्ये आला असेल तर ते पिवळे होते. हेड उतरवल्यावर त्याची सपाटी मोजून गरजेप्रमाणे फेसिंग करावे (घासून सपाट करावे) लागते. वाकलेल्या हेडवर नुसते नवे गॅस्केट बसवले तर तेही लवकरच जाते.

थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी ‘थंड’ करण्याचा उपाय अनेक गॅरेजांत सर्रास केला जातो आणि तो चुकीचा आहे. इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ घेते, इंधन जास्त जळते, झीज वाढते आणि मूळ दोष तसाच राहतो. दुरुस्तीनंतर नवे कुलंट भरताना यंत्रणेतली हवा काढावी लागते. त्यासाठी थंड इंजिन झाकण उघडे ठेवून, हीटर गरमवर लावून चालू करतात, थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहतात आणि मगच झाकण बसवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, कुलंटच्या टाकीतली पातळी पुन्हा पाहावी. ती खाली गेली असेल तर आत हवा राहिली होती किंवा कुठेतरी अजून गळती आहे.