एडिबल आणि ईटेबल
एडिबल आणि ईटेबल, दोन्ही इंग्रजी शब्दांना डिक्शनरीत 'खाण्यायोग्य' असाच अर्थ मिळतो म्हणून घोळ होतो. एडिबल म्हणजे पोटात गेलं तरी अपाय होणार नाही असं, आणि ईटेबल म्हणजे चवीला, दर्जाला निदान घशाखाली उतरेल असं. मराठीत हे काम क्रियापदच करतं, खाता येतं ते एडिबल आणि खाववतं ते ईटेबल.

सोलापूरकराला उदाहरणं शोधायला लांब जायला नको. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, पण झाड जून झालं की पानांना असे काटे येतात की पाला विषारी नसूनही कोण तोंडात घालणार, म्हणजे एडिबल आहे पण ईटेबल राहिला नाही. शेंगाचटणी खवट झाली तरी तेच, चिमूटभर चाखली तर मरत नाही कुणी, पण दुसरा घास जात नाही. उलटी गत जास्त वाईट. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते भाजूनही पूर्ण जात नाही, आणि असे दाणे कुटून तिखट-लसूण घातलं तर चव मस्त लागेलही, म्हणजे ईटेबल वाटतंय पण एडिबल नाही! ज्वारीचं तर एकाच ताटात दोन्ही, मालदांडीचा हुरडा आपण आगटीभोवती बसून चटणी-गुळाबरोबर हाणतो आणि त्याच ज्वारीची अगदी कोवळी रोपं जनावरानं खाल्ली तर सायनाइडची विषबाधा होते. कडक भाकरी मात्र वादाचा विषय आहे, बाहेरचा पाहुणा ती नुसती चावायला जातो आणि हे ईटेबल नाही म्हणतो, अहो ती आमटीत चुरायची असते.

ईटेबल हा सरळ ईट वरून आलाय, एडिबल लॅटिनमधून. मूळ एकच, संस्कृतातला अद् धातूही त्याच घराण्यातला, आपलं अन्न त्यावरूनच.

वापरात कधीकधी दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात, पण सगळीकडे नाही. करडई तेलाच्या डब्यावर एडिबल ऑइलच लिहितात, ईटेबल ऑइल कुणी म्हणत नाही. आणि थिएटरच्या दारात बाहेरचे ईटेबल्स आणू नका म्हणतात तेव्हा ते नाम असतं, खाण्याच्या वस्तू एवढाच अर्थ, तिथं चवीबिवीचा संबंध नाही.