यादीत नाव नाही, म्हणजे मूल कमी पडलं?

"शाळेने जागा दिली नाही म्हणजे मुलातच काहीतरी कमी आहे, आणि पहिल्या यादीत नाव नसेल तर विषय संपला," असा निरोप प्रवेशाच्या दिवसांत नेहमी फिरतो. तो काळजीपोटीच पुढे पाठवला जातो, पण त्यातली दोन्ही विधानं तपासून पाहण्यासारखी आहेत.

आधी साधा हिशेब. जागा 60 आणि अर्ज 200 असतील, तर सगळी मुलं सारखीच हुशार असली तरी 140 जणांना नकार जाणारच. मग ते 60 कोण? बऱ्याच शाळा घरापासूनचं अंतर, वय, भावंड त्याच शाळेत आहे का हे पाहतात, किंवा सरळ सोडत काढतात. चिठ्ठीला कुणाची हुशारी कळत नाही. (प्रवेशपरीक्षा असेल तिथे गुण मोजतात हे खरं, पण तेही त्या एका दिवसाचे.) तुमच्या बाबतीत काय झालं हे शाळेलाच विचारा: निकष कोणते होते, आणि शेवटचा प्रवेश कोणत्या निकषावर झाला?

दुसरं, एकच कुटुंब चार शाळांत अर्ज करतं, मूल मात्र एकाच बाकावर बसतं. बाकीच्या जागा सुटतात, म्हणून प्रतीक्षा यादी सरकते. आपला क्रमांक विचारून ठेवा, काही दिवसांनी पुन्हा विचारा. दुसरीकडे जागा घेतली तर इथलं नाव राहतं का, हे लेखी घ्या; नियम शाळेगणिक वेगळे असतात.

मुलाने विचारलंच, तर "तिथल्या जागा भरल्या" एवढं उत्तर पुरतं. ते खरंही आहे.