मधुमेह कुणाला होणार? गुणांच्या तक्त्यामागचा इतिहास

मधुमेहासारख्या आजारांचा धोका ओळखायला गावोगावी आशाताई जो सीबॅक फॉर्म भरून घेतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शरीराची हालचाल आणि घरातल्यांचे आजार यांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. रक्ताचा थेंबही न घेता अशी निवड करता येते, हे ठरायला जवळपास चाळीस वर्षं लागली.

सुरुवात अमेरिकेत ॲरिझोनातल्या गिला नदीकाठी झाली. तिथल्या पिमा आदिवासींची 1965 पासून दर दोन वर्षांनी ग्लुकोज पाजून रक्ततपासणी होऊ लागली. पस्तिशीपुढच्या जवळपास निम्म्या लोकांना मधुमेह निघाला. त्यांच्या नदीचं पाणी वसाहतवाल्यांनी वरच्या अंगाला वळवून त्यांची शेती आधीच मोडली होती. ते विसरून हे आकडे वाचणं मला बरोबर वाटत नाही. तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासल्यामुळे एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली, ती म्हणजे मधुमेह होण्याआधी बरीच वर्षं साखर अधल्यामधल्या पातळीवर रेंगाळते. ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी रक्तात दर डेसिलिटरला 140 ते 199 मिलिग्रॅम साखर, ही ती पातळी. 1979-80 मध्ये तिला वैद्यकशास्त्रात वेगळं स्थान मिळालं. आपल्याकडे लोक तिला ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात.

धोका ओळखून उपयोग काय, याचं उत्तर यायला आणखी वेळ गेला. चीनमधल्या दाछिंग शहरात 1986 मध्ये अशा 577 जणांवर आहार आणि व्यायामाचा प्रयोग सुरू झाला. 2001 मध्ये फिनलंडच्या 522 जणांच्या प्रयोगाने दाखवलं की वजन, खाणं आणि हालचाल सुधारली तर मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटतं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाला 2006 मध्ये हीच घट 28.5 टक्के दिसली. म्हणजे आपल्याकडेही फरक पडतो, पण कमी.

आता खरी अडचण अशी होती की या माणसांना शोधायचं कसं? अख्ख्या देशाला ग्लुकोज पाजून दोन तास बसवता येत नाही. यावर याना लिंडस्ट्रॉम आणि याक्को तुओमिलेह्तो यांनी 2003 मध्ये फिनलंडचा स्कोअर मांडला. 35 ते 64 वयाच्या लोकांचा दहा वर्षं माग ठेवून, त्यातल्या कुणाला मधुमेहाची औषधं सुरू झाली हे पाहून त्यांनी गुण ठरवले. वय, वजन, कंबर, रक्तदाबाची गोळी, पूर्वी कधी वाढलेली साखर, व्यायाम, रोजची भाजी-फळं एवढं विचारलं की झालं, घरबसल्या भरता येतो.

पण हे गुण फिनिश शरीरांवरून बेतलेले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांच्या गटाला हेच दिसलं होतं: वजन कमी, स्नायू कमी, पण चरबी राखलेली. वजनकाट्यावर भरवसा ठेवून आपल्या माणसांचा धोका मोजणं किती फसवं आहे, हे त्या एका फोटोइतकं स्पष्टपणे दुसऱ्या कशातून क्वचितच कळतं.

2005 मध्ये चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने ‘इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर’ काढला, तो वजन विचारत नाही. फक्त चार गोष्टी: वय, कंबर, हालचाल, आई-वडिलांचा मधुमेह. एकूण शंभर गुण, साठ किंवा त्याहून जास्त आले तर धोका जास्त. फिनलंडमध्ये पुरुषाच्या कमरेला 94 सेंटिमीटरपासून गुण लागतात, इथे 90 पासून.

मात्र हा स्कोअर मुळात वेगळ्या प्रश्नासाठी होता. फिनलंडचा तक्ता पुढच्या दहा वर्षांबद्दल बोलतो. चेन्नईचा स्कोअर आजच मधुमेह असून ज्यांना पत्ता नाही, त्यांना हुडकायला बनवला गेला. साठची रेघ अशा शंभरांपैकी सुमारे 72 जणांना पकडते, बाकीचे निसटतात. त्यातही पन्नाशीच्या, व्यायाम न करणाऱ्या बैठ्या माणसाचे वय आणि हालचाल मिळूनच साठ होतात. उलट बत्तीस वर्षांचा, दिवसभर खुर्चीत बसणारा, 95 सेंटिमीटर कंबर असलेला, वडिलांना मधुमेह असलेला तरुण पन्नासावरच थांबतो. आपल्याकडे हा आजार लवकर येतो, त्यामुळे ही त्रुटी मला सगळ्यात गंभीर वाटते.

दरम्यान स्कोअरचं पीकच आलं. 2011 च्या ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात धोका सांगणारी 145 मॉडेल सापडली, प्रत्यक्ष वापरात मात्र फारच थोडी. 2008 मध्ये 18 जनुकीय खुणांची बेरीज करून पाहिली गेली. नेहमीच्या माहितीत तिने जवळपास काहीच भर घातली नाही. आणि इंजिनिअरिंगची मुलं ‘डायबेटिस प्रेडिक्शन’चा प्रोजेक्ट आजही ज्या माहितीच्या फाईलवर करतात, ती 768 पिमा स्त्रियांची आहे. त्या गणितावरून बारामतीच्या शेतकऱ्याबद्दल काही सांगू नये, हे त्यांना कुणीतरी वर्गातच सांगायला हवं.

2023 मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या निष्कर्षांनुसार देशात 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आहे, गोव्यात तर 26.4 टक्के. सीबॅकमध्ये बेरीज कितीही येवो, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी व्हावी असंच सरकारी धोरण आहे. आधी कोणाला बोलवायचं एवढंच गुण ठरवतात. म्हणून बेरीज दोन आली तरी ‘मला काही नाही’ म्हणून परत न जाता साखर तपासून घ्यावी.