रोजची वही: काय लिहायचं, किती लिहायचं आणि कुठे थांबायचं

मनावरचा ताण हलका करायला रोज थोडं लिहा, असा सल्ला सगळेच देतात. वहीत नेमकं काय उतरवायचं, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. मग आठवडाभर 'आज खूप काम होतं, डोकं दुखलं, उशिरा झोपलो' एवढंच लिहून होतं. त्यातून हाती काही लागत नाही आणि वही कपाटात जाते. लिहिण्याचा मनावर काय परिणाम होतो, यावर मानसशास्त्रात जवळजवळ चाळीस वर्षं प्रयोग होत आहेत आणि त्यांतून बरंच नेमकं हाती आलं आहे.

१९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी अमेरिकेतल्या डॅलस इथल्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठातल्या ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयावर लिहिलं. बाकीच्यांनी आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगावर लिहिलं, पण तीन वेगवेगळ्या पद्धतींनी: एका गटानं फक्त घटना, दुसऱ्यानं फक्त भावना, तिसऱ्यानं दोन्ही एकत्र. पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात जाण्याचं प्रमाण तिसऱ्या गटात कमी दिसलं. याच प्रयोगातली दुसरी गोष्ट लेखांमधून हमखास गळते. लिहून झाल्या झाल्या त्या विद्यार्थ्यांना बरं वाटलं नव्हतं. त्यांचा रक्तदाब वाढला होता आणि मन खिन्न झालं होतं. अवघड विषयावर लिहिल्यावर तासभर जड वाटलं तर काही चुकलंय असं समजू नका.

नंतर अशा प्रयोगांची रीघच लागली. २००६ मध्ये जोआन फ्राटारोली यांनी १४६ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. फायदा खरा आहे, पण सरासरीनं लहान आहे. म्हणून चालू असलेल्या गोळ्या किंवा समुपदेशन वहीच्या भरवशावर बंद करू नये. लहान फायदासुद्धा दहा मिनिटं आणि एका वहीच्या किमतीत मिळत असेल तर तो घेण्यासारखाच आहे, फक्त लिहिण्याची रीत नीट हवी.

रीत कुठे ठरते? पेनेबेकर यांनी पुढे लोकांचे लेख शब्दाशब्दानं तपासले. ज्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'कारण', 'त्यामुळे', 'आता लक्षात आलं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. चारही दिवस तेच दुःख त्याच शब्दांत मांडणाऱ्यांना तेवढा झाला नाही. राग नुसता ओकून टाकल्यानं मन मोकळं होतं हा समज म्हणूनच अपुरा आहे. कारणाशी जाऊन पोचणारं वाक्य लिहावंच लागतं.

आता रोजचं लिखाण. पेनेबेकर यांचा तो चार दिवसांचा प्रयोग ही रोजची सवय नव्हे; तो अधूनमधून, एखादी जुनी गोष्ट सतत टोचत असेल तेव्हा करायचा. रोजच्यासाठी साधी शंभर पानी वही आणि एक बॉलपेन पुरे. महागडी डायरी नकोच, कारण तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही आणि छापील तारखांची कोरी पानं उगाच अपराधी वाटायला लावतात. वेळ घड्याळाला न बांधता रोज न चुकणाऱ्या कामाला बांधा: रात्रीचा ओटा आवरला की, किंवा दुसऱ्या दिवसाचा अलार्म लावला की. फोनवर लिहायला हरकत नाही, पण त्या वेळेपुरतं इंटरनेट बंद ठेवा.

वर तारीख घाला. मग पाच मिनिटांत तीन गोष्टी: काय झालं, काय वाटलं, तसं का वाटलं. दिवसातला एकच प्रसंग निवडा. उदाहरणार्थ: 'दुपारी साहेबांनी माझा रिपोर्ट सगळ्यांसमोर बाजूला सारला. आधी कानकोंडं झालं, मग चीड आली. चीड माझ्यावरच जास्त, कारण आकडे परत तपासायचे राहिले होते.' एवढ्या तीन ओळी पुरतात. 'वाईट वाटलं' हा शब्द शक्यतो टाळा. चीड होती की खंत, धास्ती होती की घुसमट, हुरहूर की असूया, हे ठरवून लिहा. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या मेंदूच्या स्कॅनवरच्या अभ्यासात, रागीट किंवा घाबरलेले चेहरे पाहताना त्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल मंदावलेली दिसली. भीतीसारख्या भावनांमध्ये हाच भाग जागा होतो.

त्यानंतर आणखी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी. हा भाग पुष्कळांना दुय्यम वाटतो, पण झोप लागत नसेल तर इथूनच सुरुवात करा. २०१८ मध्ये मायकेल स्कलिन यांच्या गटानं टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. पुढे करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारकाव्यांची, तितकी झोप लवकर. म्हणून 'बँकेचं काम' असं न लिहिता 'अकरा वाजता बँक, पासबुक आणि आधारची झेरॉक्स न्यायची' असं लिहा.

सवय बहुधा दुसऱ्या आठवड्यात मोडते. पहिल्या उत्साहात तीन-तीन पानं लिहिली जातात, मग एखादा दिवस चुकतो, तो भरून काढायला दोन दिवसांचं एकदम लिहायचं ठरतं आणि ते डोक्यावर बसतं. चुकलेला दिवस सोडून द्या, सलग दोन चुकवू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला अडीचशेच्या घरात. मधला एखादा दिवस चुकल्यानं विशेष फरक पडला नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. तीन दिवस तीच व्यक्ती, तीच तक्रार, तेच शब्द आले, की लिहिणं म्हणजे कागदावरचं उगाळणं झालं. तेव्हा एक बदल करून पाहा: स्वतःबद्दल नाव घेऊन लिहा. 'मला राग आला' याऐवजी 'सुनंदाला त्या बोलण्याचा एवढा राग का आला?' मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत असं अंतर घेतल्यावर लोकांची तगमग कमी झाली. तरीही गाडी पुढे सरकत नसेल तर तो विषय आठवडाभर बंद ठेवा आणि फक्त उद्याची यादी लिहा. नुकताच घटस्फोट झालाय किंवा घरात मृत्यू झालाय, अशा ताज्या जखमेवर लगेच खोल लिहायला बसू नका. नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात, गोष्टी मनात घोळवत राहणाऱ्यांना भावनांवरच्या लेखनानं उलट मागे खेचलं. लिहिताना असह्य झालं तर तिथेच थांबा. जगणं नकोसं वाटत असेल तर वही बाजूला ठेवून टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास आणि मोफत असतो.

लहान घरात वही कुणी वाचेल ही भीती खरीच असते आणि तिच्यापायी माणूस अर्धंच लिहितो. नाजूक मजकूर सुट्या कागदावर लिहून फाडून टाका. जे काम व्हायचं ते लिहिताना होतं, कागद जपायलाच हवा असं नाही.

वहीत राहिलेली पानं रोज वाचू नका. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, पेन्सिल घेऊन वाचा आणि 'कारण' असलेल्या वाक्यांखाली रेघ मारा. एकच कारण चार-पाचदा आलं तर ते वेगळ्या कागदावर उतरवा: रात्रीची अपुरी झोप, महिनाअखेरीची पैशांची ओढाताण, एखादी ठरावीक भेट. पुढे समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर हा कागद तारखांसकट सोबत न्या. कधीपासून, किती वेळा आणि कशामुळे, हे ते पहिल्याच भेटीत विचारतात.