कॅबिनेट छोटं, सुटे भाग नेहमीचे

सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत असो की विश्रामबागेतलं सीएचं ऑफिस, टेबलावर मॉनिटरखाली आडवा ठेवलेला छोटा कॉम्प्युटर हमखास दिसतो. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेली ही यंत्रं रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात. ती भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांत अजून बराच जीव असतो.

वेग वाढवायचा तर पहिला बदल हार्ड डिस्कचा: ती काढून एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, लावायची. 7200 आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली, म्हणजे ती वाचणाऱ्या भागाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4 मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो. हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे हे थांबणं जवळपास संपतं. साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच वायरीला जोडायची) आणि डेस्कटॉपची साधी रॅम (कॉम्प्युटरची कामचलाऊ मेमरी) यात विनातक्रार बसते. त्याहून लहान, तळहाताएवढ्या यंत्रांना मात्र लॅपटॉपची रॅम लागते.

घोडं अडतं ते ग्राफिक्स कार्डापाशी, म्हणजे गेम किंवा व्हिडिओसाठी चित्रं तयार करणाऱ्या कार्डापाशी. ते खोचायचा मदरबोर्डवरचा स्लॉट नेहमीचाच असतो, पण नेहमीच्या कार्डाची पट्टी 12 सेंटिमीटर उंच असते आणि इथे 8 सेंटिमीटरचीच जागा. म्हणून लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्ड शोधावं लागतं. पुढचा प्रश्न विजेचा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात: 12 व्होल्टवर साडेपाच अँपिअर, म्हणजे 66 वॉट, आणि बाकीचे 3.3 व्होल्टच्या लाइनवरून. मोठी कार्डं त्यावरची जादा वीज एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) वेगळ्या वायरीने घेतात. इथे ती वायरच नसते.

मग मोठा एसएमपीएस का लावू नये? इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स हे मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएसच्या मापांचं मानक आणलं, म्हणून एका कंपनीचा एसएमपीएस दुसऱ्याच्या कॅबिनेटला चालतो. ही छोटी यंत्रं त्या मानकाबाहेरची. अनेकांचा एसएमपीएस फक्त 12 व्होल्ट देतो; 5 आणि 3.3 व्होल्ट मदरबोर्ड स्वतः तयार करून डिस्कलाही पुरवतो. एटीएक्स एसएमपीएसचा 24 पिनांचा कनेक्टर लावायला बोर्डवर जागाच नसते. अडॉप्टर वायरी मिळतात, पण पिनांची मांडणी मॉडेलगणिक बदलते आणि चुकीची वायर लावली तर बोर्ड जळू शकतो. एवढी जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा स्लॉटच्या विजेवर चालणारं कार्ड घ्यावं: एनव्हिडियाच्या जीटीएक्स 1650 चं लो-प्रोफाइल कार्ड 75 वॉटांत भागतं, जीटी 1030 तर 30 वॉटांतच.

सांगलीच्या उन्हाळ्याचाही हिशोब धरावा. पंखा आतला भाग खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा 40 अंशांनी जास्त तापत असेल, तर डिसेंबरात 25 अंशांच्या खोलीत तो 65 वर राहील आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या 40 अंशांच्या खोलीत 80 गाठेल. अरुंद कॅबिनेटमध्ये कार्ड आणि प्रोसेसर एकच गरम हवा ओढतात. त्यात पंख्याला धूळ चिकटली की आकडा आणखी चढतो.

कार्ड घेण्याआधी झाकण उघडून स्लॉटशेजारची मोकळी जागा मोजावी, कारण काही मॉडेलांत जाड कार्ड बसत नाही. एसएमपीएसच्या लेबलवर 12 व्होल्टसमोर लिहिलेले अँपिअरही टिपून घ्यावेत. त्यांना 12 ने गुणलं की हातात किती वॉट आहेत ते कळतं.