नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे : वापरण्याआधी हे वाचा

मॉर्फिन, हेरॉइन, फेंटानिल, मेथाडोन ही सगळी ओपिऑइड औषधे मुख्यतः चेतापेशींवरच्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे औषधाचा रेणू बसण्याच्या जागेवर, काम करतात. रेणू तिथे बसला की पेशीत कॅल्शियम कमी शिरते, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशीकडून पुढे संदेश जाणे मंदावते. वेदना शमते ती अशी. पण हेच रिसेप्टर मेंदूच्या तळाशी, श्वासाची लय सांभाळणाऱ्या पेशींवरही असतात. डोस जास्त झाला की जीव जातो तो बहुधा श्वास बंद पडून.

नॅलोक्सोन हे ओपिऑइडचा असर उतरवणारे औषध. ते त्याच रिसेप्टरवर बसते, पण त्याला चालू करत नाही. नुसती जागा अडवते. ओपिऑइडचे रेणू सतत सुटत आणि पुन्हा बसत असतात, त्यात मोकळी झालेली जागा ते पटकावते. ओपिऑइड जितके जास्त, तितके नॅलोक्सोनही जास्त लागू शकते. पाकिटात दोन स्प्रे देतो ते याचसाठी.

हाका मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही माणूस उठत नाही, श्वास मंद किंवा घरघरता आहे, ओठ निळसर आहेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, तर थांबू नका. रुग्णवाहिका बोलवा. उताणे झोपवून मान मागे करा, नळी एका नाकपुडीत पूर्ण घाला आणि दट्ट्या एका दमात दाबा. आधी हवेत दाबून पाहू नका. आत एकच डोस असतो. श्वास नसेल तर दर ५ सेकंदांना एक याप्रमाणे तोंडाने श्वास द्या. २-३ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास नीट सुरू झाला की कुशीवर वळवा.

खरा धोका यानंतर आहे. नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो. मेथाडोनसारखे औषध त्यानंतरही कित्येक तास अंगात असते. रिसेप्टर मोकळे होताच ते पुन्हा तिथे जाऊन बसते आणि बोलता-चालता माणूस परत बेशुद्ध पडतो. म्हणून त्याला एकटे सोडू नका. शुद्धीवर येताना उलट्या, घाम, चिडचिड होईल. ती शमवायला पुन्हा ओपिऑइड घेऊ देऊ नका.

दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर नॅलोक्सोन चालत नाही. तरी शंका असली तर स्प्रे द्याच. ओपिऑइड नसेल तर त्याने अपाय होत नाही.

नालट्रेक्सोन हेही रिसेप्टर अडवणारेच, पण व्यसनाच्या उपचारात रोज घ्यायचे, तातडीसाठी नव्हे. ते सुरू करण्याआधी साधारण ७ ते १० दिवस ओपिऑइड पूर्ण बंद हवे, नाहीतर तीव्र विथड्रॉवल (औषध अचानक तुटल्याचा त्रास) होते. आणि गोळी थांबवल्यावर शरीराची ओपिऑइडची सवय मोडलेली असते : पूर्वी पचणारा डोसही तेव्हा जीवघेणा ठरू शकतो.