नवं नेटवर्क आलं, पण फरक किती पडला?

भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ रोजी. त्याचा कोकणातल्या वाढत्या शहरांना किती उपयोग झाला, असं विचारलं की टॉवर किती आणि डाउनलोडचा वेग किती, एवढंच सांगितलं जातं. मला ही मापं तोकडी वाटतात.

याहून चोख मोजणी केरळात झाली आहे. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या उत्तर किनाऱ्यावर मोबाइल सेवा टप्प्याटप्प्यानं आली. फोन पोचलेला भाग आणि न पोचलेला भाग यांची तुलना करायला अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी नेमका त्याचाच उपयोग करून घेतला. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी वडकरा इथे ११ मच्छीमारांची तारली गिऱ्हाइकाअभावी वाया गेली होती, आणि तिथून १५ किलोमीटरच्या आत २७ गिऱ्हाइकं मासळीविना ताटकळत होती. फोन आल्यावर भर समुद्रातूनच भाव विचारून होडी कुठे लावायची ते ठरू लागलं. रोजच्या मासळीतली ५ ते ८ टक्के नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, तरी खाणाऱ्यांना मासळी सुमारे ४ टक्के स्वस्तच पडली.

नुसतं आधीचं आणि नंतरचं पाहिलं असतं, तर चांगल्या हंगामाचं श्रेयही फोनला गेलं असतं. शेजारच्या भागात सेवा पोचलेली नव्हती, तिथे एका बाजारातल्या आणि दुसऱ्या बाजारातल्या भावांतली तफावत तशीच राहिली. म्हणून हा फरक फोनचाच, असं म्हणता आलं.

हेच आपल्याकडे का करू नये? रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै आणि मिरकरवाडा या बंदरांवरच्या मासळी लिलावात एकाच दिवशी बांगड्याच्या टोपलीला काय भाव मिळाला, ते नोंदवत गेलं तरी पुष्कळ कळेल. मात्र 'शहरात ५जी आहे' एवढ्यावर विसंबून चालणार नाही. ५जी ज्या रेडिओ लहरींवर चालतं, त्यांतल्या ३,५०० मेगाहर्ट्झच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा भिंती आणि झाडीत लवकर क्षीण होतात, डोंगराआड तर फारच कमी वळतात. त्यामुळे जांभ्याच्या सड्यावर फुल रेंज आणि खाली खाडीकाठच्या वाडीत फोन मुका, असं होऊ शकतं. मोजणी वाडीवार हवी, आणि घराच्या आतूनही.

आणखी एक नोंद मी आग्रहानं मागेन. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा विजेबरोबर फोनही गेले. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर किती तास चालतो, त्याच्या जनरेटरला डिझेल पोचवणारा रस्ता पावसाळ्यात उघडा राहतो का, हे प्रत्येक टॉवरपुढे लिहिलेलं असावं.